बागेवरून वय

"वय नको सांगू वं माय, बाग सांग."

अक्का कोणाच्याही घरात शिरल्या की पहिलं वाक्य हेच. चपला उंबऱ्याबाहेर, छत्री भिंतीला टेकवलेली आणि दोन्ही हात पदराला पुसून पुढे केलेले. बाळ त्या हातांत आल्याशिवाय चहा नाही, पाणी नाही, बसणंसुद्धा नाही.

खानदेशात सावद्याकडची माणसं पंचांगापेक्षा केळीवर जास्त विसंबतात, हे त्या बाजूला राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. पावसाच्या तोंडी लावली ती मृगबाग, दसऱ्यानंतर लावली ती कांदेबाग. कोणाचं लग्न मृगबाग कापली त्या वर्षी झालेलं असतं, कोणाची आजी कांदेबागेच्या लावणीत गेलेली असते. अक्कांनी हेच माप लहान मुलांना लावलं. आई जी तारीख सांगते ती निम्म्या वेळा खोटी, असं त्यांचं ठाम मत होतं. मूल अशक्त असलं की आई त्याचं वय दोन-तीन महिन्यांनी खाली ओढते, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. बागेला काय, तिला कोणाची लाज नसते.

अक्का तिथल्याच एका गावातल्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. मी त्यांची मुख्यसेविका, म्हणजे वीस-बावीस अंगणवाड्यांवर देखरेख करणारी. वय वर्षं चोवीस, धुळ्याहून नवी नवी आलेली, खांद्याला पिशवी आणि पिशवीत वजनाचे तक्ते. अक्का माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणायची, त्या मला बाई म्हणायच्या, आणि कोण कोणाला शिकवतंय याचा निकाल पहिल्या महिन्यातच लागला होता.

आमचं पहिलं भांडण नोंदवहीवरून झालं. जन्मतारखेच्या रकान्यात त्यांनी ओळीनं लिहून ठेवलं होतं: मृगबाग, मृगबाग, कांदेबाग. मी कपाळाला हात लावला. तालुक्याच्या ऑफिसात हे कोण वाचणार, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी शांतपणे पेन माझ्यापुढे ठेवलं. त्या बाग सांगणार आणि मी तारीख लिहिणार, असा तह झाला. पुढची तीन वर्षं त्या वहीतल्या बहुतेक तारखा माझ्या अक्षरातल्या आहेत. हे लक्षात असू द्या.

आम्हाला प्रशिक्षणात एक यादी पाठ करून घेतलेली असायची. बाळ मान कितव्या महिन्यात धरतं, कूस कधी बदलते, बसतं कधी. अक्कांची यादी त्यांच्या पिशवीत असे: एक स्टीलची वाटी, एक चमचा आणि एक लाल बांगडी. बाळाच्या मागे वाटी वाजवली की कानानं ऐकावं, बांगडी फिरवली की डोळा तिच्यामागे जावा, दोन्ही मुठी सारख्या उघडाव्यात. नाही झालं की त्या आईला काही बोलत नसत. घरातल्या सगळ्यांशी गप्पा मारून उठत आणि दुसऱ्या दिवशी बाळाच्या आंघोळीच्या वेळेला परत हजर होत. तेल लावता लावता पाय कसे वाकवायचे, ओंजळीत छाती धरून पोटावर कसं घालायचं, ते आईच्या हाताला शिकवत. वेगळा व्यायाम म्हटलं की सासवांना संशय येतो, आंघोळीला कोणी नाही म्हणत नाही, हा त्यांचा हिशेब.

हे सगळं त्या शिकल्या कुठे? गावातल्या एका मुलाला घेऊन जळगावच्या दवाखान्यात सहा महिने खेपा घातल्या होत्या. तिथल्या व्यायामाच्या बाई काय करतात ते दाराशी उभं राहून पाहिलं, एवढंच. पण पाहायचं वेड का लागलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ जन्मभर घराच्या पायरीवर बसून राहिला होता. तीन वर्षांचा होईपर्यंत सगळे म्हणत राहिले, चालेल, काही मुलं उशिरा चालतात. अक्का तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोठी मानसं वाट पाहत बसली. म्याबी त्याइच्यासंगं पाह्यली."

अक्का बौद्धवाड्यातल्या. काही घरांत त्यांना ओट्याच्या पुढे नेत नसत. पोर मात्र आणून त्यांच्या मांडीवर ठेवत. मला राग यायचा. त्या हसून म्हणायच्या, माझं काम चुलीपाशी नाहीच, पाळण्यापाशी आहे, आणि पाळणा चालत येतो की नाही ओट्यावर. हसायच्या खऱ्या, पण त्या घरचा चहा कधी घ्यायच्या नाहीत.

रंजनाचं घर त्यातलंच. केळीवाल्यांचं, चार माणसांत वजन असलेलं घर. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, मागाहून आजारी पडली म्हणून तिकडेच राहिलेली. थंडी सरताना मुलीला, म्हणजे रंजनाला, घेऊन परत आली. आम्ही दोघी भेटीला गेलो. पोर बारीक, मान लटपटती. अक्कांनी नेहमीसारखी बाग विचारली. सून खाली बघत म्हणाली, लावणी चालू होती. त्या वर्षी अख्ख्या गावानं कांदेबागच लावली होती. अक्का म्हणाल्या, म्हणजे कांदेबागेची, चार महिन्यांची, आणि सुनेनं मान हलवली. मी ऑक्टोबरमधली एक तारीख शाईनं लिहिली. चार महिन्यांच्या मानानं वजनाचा ठिपकाही तक्त्यात ठीक जागी पडला. अक्का तिला म्हणाल्या, अजून कोवळी आहे, अंगावर मांस नाही, धरेल मान.

पंधरा दिवसांनी पुन्हा, शिमग्याला पुन्हा. थोडी उशिरा आहे, पण आहे लहान, असं म्हणून आम्ही उठत होतो.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. रंजनाची आजी लेकीला न्यायला आली, तेव्हा अक्का योगायोगानं ओट्यावर होत्या आणि मी त्यांच्या शेजारी. आजी नातीच्या गालाला हात लावून कौतुकानं म्हणाली, "मिरगात झाली आमची पोर. आता वरीसची व्हईन."

अक्कांचा बांगडी धरलेला हात तिथंच थांबला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आणि माहेरचं गाव मृगबाग लावणारं होतं. इतकी वर्षं बागेवरून वय काढणारी बाई चुकीच्या गावची बाग मोजून बसली होती. पोर साडेसहा नाही, साडेदहा महिन्यांची होती आणि मान सावरत नव्हती. आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हाच ती आठ महिन्यांची होती. तेव्हापासूनचे तीन महिने, हातपाय वळवता येतात त्या वयातले, आम्ही वाट पाहण्यात घालवले होते.

बाहेर आल्यावर मी घाबरून म्हटलं, अक्का, आपण वही दुरुस्त करून टाकू, विचारतंय कोण. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही ते आठवलं तर मान खाली जाते.

"वही सुधरवता येईन बाई. पोरीच्या मायले कोन सांगीन?"

त्या परत आत वळल्या. आजी, सासू, सून तिघींसमोर हात जोडून म्हणाल्या, "चूक माही झाली. पोरीचे तीन महिने म्या घालवले." मग पोरीला काय झालंय, काय करावं लागेल, ते सगळं न लपवता सांगितलं. सासू जे बोलली ते मी लिहीत नाही. पोरीवरून सुरू झालं ते अक्कांच्या जातीपर्यंत गेलं. सून भिंतीशी उभी राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. अक्कांनी माझं नाव घेतलं नाही. मीही ते पुढे केलं नाही.

त्या घरानं अक्कांना परत येऊ नका म्हणून सांगितलं. मग अक्का त्या घरी गेल्या नाहीत, रंजनाच्या आजोळी गेल्या. दुपारी अंगणवाडी बंद करून, वैशाखाच्या त्या उन्हात, एसटीनं, दर तिसऱ्या दिवशी. बाकीच्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि अक्का एका ओट्यावर रंजनाला पालथी घालून तिच्यापुढे बांगडी फिरवत होत्या. महिन्यानं मान स्थिरावली. रंजनाची आई सासरी परत आली, तेव्हा ती सासूला एवढंच म्हणाली म्हणे, की अक्का येतील. पुढे जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावी बाजू ताठ आहे, चालेल पण वेळ लागेल. अक्कांनी केळीच्या ट्रकांची पंक्चरं काढणाऱ्याकडून एक जुनी ट्यूब मागून आणली. तीत हवा भरून, मध्ये गोधडी घालून रंजनाला बसवायच्या. पोळ्याला ती ट्यूबमध्ये बसू लागली, दिवाळीला ट्यूबशिवाय. त्या दिवशी सासूनं स्वतः चहा आणून ठेवला. अक्कांनी कप उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, आधी उभी राहू द्या.

माझी धुळ्याला बदली झाली. अक्कांची पोस्टकार्डं येत. वाकडंतिकडं अक्षर, ख्यालीखुशाली दोन ओळींत आणि उरलेल्या कार्डावर रंजना. धरून उभी राहिली. दोन पावलं टाकली. पडली, कपाळाला खोक, पण रडली नाही. चांगली बातमी असली तरी शेवटी एक वाक्य ठरलेलं असे, की ते तीन महिने मिळाले असते तर पाय सरळ पडला असता. मी उत्तरात दरवेळी लिहायची, अक्का, आता सोडा. तारीख माझ्या हातची होती, मीही विचारलं नाही, हे एकदाही लिहिलं नाही.

मग अक्कांच्या पुतण्याचं कार्ड आलं. तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं आटोपून आठवडा झाला होता. घर बंद होतं. पायरीवर रंजनाची आई बसलेली होती. रंजना सात वर्षांची, गणवेशात, डावा पाय जरा ओढत समोरच्या मुलींबरोबर लंगडी खेळत होती आणि सारखी बाद होऊन पुन्हा डाव मागत होती.

मी शेजारी बसले. रंजनाची आई पोरीकडेच पाहत, माझ्याकडे न बघता बोलली.

"बाई, मले माहीत व्हतं. कांदेबाग म्हने तवाच मले समजलं, चुकल्या म्हून. पर लहान हाये अजून, असं म्हने त्या. ते आइकून मले लई बरं वाटलं. मंग म्या बोललीच नई."

सासूसमोर तेव्हा धीर झाला नाही, ती म्हणाली. नंतर अक्का दरवर्षी अखाजीला त्या तीन महिन्यांची माफी मागायच्या, आणि माफी मागणाऱ्या बाईला हे सांगायचं कसं, तेच कळेना. यंदा सांगायचं ठरवलं होतं.

मी तिला सांगितलं, वहीतली ती तारीख माझ्या हातची. सात वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. आम्हा दोघींना आता सगळं बोलता येत होतं, आणि जिला ते ऐकवायला हवं होतं तिच्या दाराला कुलूप होतं.