खलनायकाच्या हातावर दही

तमिळ सिनेमातल्या खलनायकाला लागते ते सगळे माझ्यापाशी होते. एक आई तेवढी जास्त होती.

मी कुंभकोणमच्या एका शाळेत पी.टी. मास्तर आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. (पुण्याचे पाहुणे आमचे मराठी ऐकले की एखादी बखर चालत घरात आल्यासारखे बघत बसतात.) जवळच तिरुविसनल्लूरला एका साहसी सिनेमाचे शूटिंग आले. नायक राजवाड्यातली रत्नांची पेटी घेऊन बैलगाडीतून पळतो आणि एक मराठा सरदार त्याच्या मागे लागतो, अशी गोष्ट. सरदाराला खऱ्या मिशा हव्या होत्या आणि मराठीत ‘थांब!’ असे ओरडता यायला हवे होते. माझी निवड झाली.

कालव्याकाठच्या चिंचेला दोर बांधला होता. सरदाराने धावत यायचे, दोर धरून कालव्यावरून झोका घ्यायचा, पलीकडच्या पेंढ्यावर उतरायचे आणि तलवार उपसून ओरडायचे. दिग्दर्शक म्हणाले, “झोका तुमचा डुप्लिकेट घेईल. हा सेल्वम. तुम्ही फक्त ओरडा.”

“सार,” मी म्हणालो, “पोरांना रोज दोरावर चढवतो मी. झोका माझा मीच घेणार.”

एवढेच असते तरी चालले असते. पण मी सकाळी शाळेच्या प्रार्थनेनंतर माईक हातात घेऊन सगळ्या शाळेला हे सांगून आलो होतो! आता माघार घेतली तर पोरे मला जन्मभर सोडणार नव्हती. दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले. “सरि, ठीक आहे. सूर्य कलण्याच्या आत जमले तर तुमचा झोका. नाहीतर सेल्वम.”

तालीम फक्कड झाली. पेंढ्यावर असा उतरलो की सेल्वमने टाळी वाजवली. आणि तेवढ्यात झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन अम्मा आली.

आमच्या घरातून परीक्षेला, मुलाखतीला, ऑपरेशनला जो कोणी निघतो, त्याच्या उजव्या तळहातावर अम्मा दही घालते. ते चाटायचे आणि निघायचे. हात धुवायचा नाही, कारण धुतला तर शकुनही धुतला जातो. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, पण मोडणारा अजून जन्मलेला नाही.

“निघालास?” अम्माने विचारले.

“निघालो कुठे? कालव्यापलीकडे तर जायचे आहे.”

“पलीकडे जाणे म्हणजे निघणेच की. बहु शहाणा झालास. हात पुढे कर.”

हात पुढे केला, चाटला आणि अंगरख्याला पुसणार तोच कपडेवाला किंचाळला, “सार, रेशीम आहे!” धुवायची सोय नाही, पुसायची सोय नाही. मी तसाच धावलो. दोर धरला. दोर माझ्या मुठीत होता, पण मी दोरावर नव्हतो. सर्रकन खाली घसरलो आणि सरदार कमरेपर्यंत चिखलात!

कपडेवाल्याने जड मनाने दुसरा अंगरखा काढला. अम्मा मात्र शांत होती. “दही आंबट झाले उन्हाने. म्हणून गुण आला नाही.” तिने पदराच्या गाठीतून साखर काढून डब्यात टाकली आणि चांगली ढवळली.

मला वाटले, उत्तम! साखरेने हात चिकट होईल, म्हणजे पकड बसेल. (शाळेत हाताला खडूची भुकटी लावायला शिकवणारा मास्तर तो मीच.) पकड बसली. झोकाही जोरात गेला. पेंढा खाली आला, सुटायची वेळ आली, आणि बोटे सुटेनात! पेंढ्यावरून तसाच परत फिरलो, वाटेत कॅमेऱ्याची छत्री उडवली आणि अलगद अम्माच्या पुढ्यात येऊन उभा राहिलो.

“निघालेला माणूस परत फिरला,” अम्माचा चेहरा पडला. “आता बैस. पाणी पी. मग नीघ.”

“अम्मा, सूर्य चालला आहे!”

“त्याला त्याची आई नाही. तू बैस.”

बसलो. पाणी प्यालो. सगळे युनिट, बैलांसकट, माझ्या घोटांकडे बघत होते. दिग्दर्शकांनी घड्याळ पाहिले आणि जे बोलायला नको होते तेच बोलले, “सेल्वम, तयार हो.”

मला रडू यायचेच बाकी राहिले होते. उद्या प्रार्थनेला कोणत्या तोंडाने उभा राहणार? पण सेल्वम दोराकडे निघाला आणि अम्मा आडवी आली. मग तमिळमध्ये म्हणाली, “तूही कोणा आईचा लेक. हात पुढे कर.” सेल्वम गुणी माणूस, नको कसे म्हणणार? त्याने भक्तिभावाने चाटले, डोळ्यांना लावले, आणि धावत जाऊन माझ्याच खड्ड्यात माझ्यापेक्षा खोल गेला.

मी खोटे सांगत नाही, मला आनंद झाला.

“एकदा,” मी दिग्दर्शकांचा हात धरला. “एकदाच. पडलो तर तोंड दाखवणार नाही.” सूर्य नारळाच्या झावळ्यांना टेकला होता. त्यांनी मान हलवली. या वेळी दही नाही, हे मी मनाशी पक्के केले. दोन सहायकांना अम्माकडे पाठवले. त्यांनी तिला विरजण कसे लावायचे ते विचारले. अम्मा खुलली. त्यांना दुधाची ऊब बोटाने कशी पाहायची ते दाखवू लागली. इकडे मी वाळूत हात घासले, खसाखसा पुसले, आणि इशारा होताच सुटलो. असा धावलो की तसा कॉलेजातही धावलो नव्हतो. दोर समोर. पंजे कोरडे. या खेपेला कोणी अडवणार नाही!

“माधवा! थांब!”

लहानपणी विहिरीवर वाकलो तेव्हा हाच आवाज. पतंगामागे गच्चीच्या कडेला गेलो तेव्हाही हाच. माझे डोके सरदाराचे होते, पण पायांना फक्त अम्मा ठाऊक. ते काठावर जागच्या जागी रुतले, बाकीचा मी पुढे गेलो, आणि कालव्यात डोके खाली, पाय वर!

कॅमेरा चालू होता. दिग्दर्शक खुर्चीवर बसून पोट धरून हसत राहिले. अम्मा काठावरून हातातला डबा दाखवत होती. “दही न घेता निघालास. सांगितले ते कधी ऐकिलेस?”

सिनेमा आला. पहिल्या खेळाला अर्धी शाळा आली होती. नायक गाडीतून पळतो, सरदार धावत येतो, पडद्याबाहेरून एका बाईचा आवाज येतो, “थांब!” आणि सरदार थांबून कालव्यात पडतो. नायक त्यामुळेच वाचतो. मिशा दिसतात न दिसतात. तळपाय मात्र भरपूर वेळ दिसतात. अम्मा अंधारात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “हे माझ्या माधवाचेच पाय.” टाळ्या तिला पडल्या.

आमच्या शाळेत आता मराठीचा एक शब्द प्रत्येक पोराला येतो. मैदानावर मी शिट्टी फुंकली की कोणी जागचे हलत नाही, पण मी धावायला लागलो की मागून कोणीतरी बारीक आवाजात “थांब!” म्हणते.

आणि मी थांबतो.