भाऊखडक
परवा गवंडी घरात फरशी कापत होता. तापलेल्या दगडाचा तो वास आला आणि मी बाहत्तरच्या दुष्काळात, येडशीजवळच्या आमच्या टेकडीवर जाऊन पोचले. कॉलेज सोडून मी आईबरोबर खडी फोडायला जायची. खाली तलावाची भिंत चढत होती, तिला दगड कमी पडत होता, आणि टेकडीवर उरला होता तो माणसाएवढा एकच खडक. पंचमीला बहिणीला न्यायला आलेला भाऊ, सासरच्यांनी तिला धाडलं नाही म्हणून तिथंच बसून राहिला आणि त्याचा दगड झाला, ही गोष्ट ऐकतच आम्ही सगळ्या वाढलो होतो. घण उचलायची कुणाची छाती होईना. मुकादम वैतागला, "काम बंद, तर हजेरीबी बंद." तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई पुढं झाली, तिनं खडकावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "ऊठ रं दादा, लई बसलास. बहीण तहानली हाय, खाली जाऊन पाणी अडव." जरा थांबून आमच्याकडं वळली, "उठला बगा. आता मारा घण." संध्याकाळपर्यंत तो खडक फुटून तलावाच्या भिंतीत गेला. पुढं मी कविता लिहायला लागले, त्यांत तो भाऊ अजून टेकडीवरच बसलाय. गेल्या श्रावणात तलावाच्या भिंतीवर शेजारची नवी सून मला ती गोष्ट सांगायला लागली. तिच्या गोष्टीत टेकडी नव्हतीच; भाऊ पहिल्यापासून पाणी घेऊनच आला होता. मी हुंकार देत ऐकत राहिले.