आधी बॅक, मग कॅमेरा

ज्यांच्याकडे कॅमेरा असतो त्यांच्याकडे फोटो जमतात. माझ्याकडे तीन वर्षं कॅमेरा नव्हता, म्हणून किस्से जमले. रोज चार ओळी लिहायची माझी जुनी सवय. परवा वह्या चाळल्या, तर पावसापेक्षा कॅमेऱ्याच्याच नोंदी जास्त निघाल्या.

आमचं मंडळ तिघांचं. देवरे सर निवृत्त चित्रकला शिक्षक, मूळचे सटाण्याकडचे. बाळासाहेबांचा मखमलाबादच्या पुढे झेंडूचा मळा. आणि मी. दर रविवारी सकाळी गंगापूर रोडला चहा घ्यायचा आणि फोटोंवर बोलायचं.

सुरुवात बाळासाहेबांच्या वडिलांनी केली. तात्यांचं वय शहाऐंशी. आधार कार्डावरचा फोटो पाहून ते म्हणाले, "हा मी नाय." बाळासाहेबांनी मोबाइलवर दुसरा काढला. तात्या म्हणाले, "हा बी मी नाय." त्यांना काळा कपडा डोक्यावर घेऊन काढतात तसला मोठा फोटो हवा होता. तोही दसऱ्याच्या आधी, झेंडू तोडायच्या आत, मळ्यात उभं राहून.

मी बोलून गेलो, "तात्या, तसला कॅमेरा मी घेतोच आहे. पहिला फोटो तुमचा."

तिथून माझी झोप उडाली.

*

घडीचा लाकडी कॅमेरा घ्यायचा, एवढं ठरलं होतं. पण वजन किती झेपेल? कागदावर कळेना. म्हणून सगळं मिळून होणाऱ्या वजनाइतके, म्हणजे सहा किलो, बटाटे पाठीवरच्या सॅकमध्ये भरले आणि सरांना घेऊन त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी चढायला गेलो.

अर्ध्या वाटेत सर थांबले. "काय रे, एवढं काय भरलंस?"

"कॅमेरा."

त्यांनी सॅक उघडली. सर चिडले की अहिराणीत जातात. "हाऊ कॅमेरा शे का बटाटा?"

मी समजावत होतो तेवढ्यात एका माकडानं सॅकमध्ये हात घालून दोन बटाटे पळवले. सर शांतपणे म्हणाले, "लिही वहीत. कॅमेरा हलका झाला."

*

या कॅमेऱ्यांची गंमत अशी, की मागचा भाग सुटा असतो. त्याला बॅक म्हणतात. एक बॅक काढून दुसरी लावली की त्याच कॅमेऱ्यावर कधी मोठी सुटी फिल्म, कधी रोल चालतो. कोणती बॅक कशावर बसते याचे मी तक्ते केले. तक्ते करता करता एक जुनी रोलची बॅक फार चांगल्या अवस्थेतली सापडली. हातची जाईल या भीतीनं घेऊन टाकली.

कॅमेरा नव्हताच. बॅक शोकेसमध्ये ठेवली. दर शनिवारी बायको ती पुसायची. एकदा तिची मावसबहीण आली आणि तिनं विचारलं, "हे काय गं?"

बायको म्हणाली, "ही पाठ. पोट आणि तोंड यायचंय."

*

नांदगावला एका बंद पडलेल्या स्टुडिओत जुना कॅमेरा असल्याचं कळलं. सर आणि मी गेलो. मालक म्हातारे, अगत्याचे. चहा झाला. मी पट्टी काढली आणि मोजायला लागलो. दोन तास मोजलं. माझी बॅक लावून पाहिली. बसेना, एका बाजूनं दोन मिलिमीटर कमी पडत होतं.

मालक म्हणाले, "माझ्या मुलीला बघायला आले होते ना, त्यांनीसुद्धा इतकं बघितलं नव्हतं."

सर म्हणाले, "त्यांनी होकार तरी दिला असेल."



*

यात दोन दसरे गेले. दोन्ही वेळा झेंडू तोडायच्या आदल्या दिवशी तात्यांनी दाढी करून घेतली, फेटा बांधला आणि मळ्यात खुर्ची टाकून बसले. दोन्ही वेळा बाळासाहेबांनी मला फोन करून विचारलं आणि मी "अजून बॅकचं जुळत नाही" म्हणालो.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात तात्या छातीच्या दुखण्यानं नऊ दिवस दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो. ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणाले, "तुझा डबा आला का?"

"बघतोय तात्या."

"बघ. मी बी बघतोय."

त्या रविवारी चहाला बाळासाहेबांनी माझ्या पुढ्यात बिस्किटं सरकवली, बस. घरी येऊन तक्त्यातल्या पहिल्या तीन नावांपैकी मधलं धरलं आणि कॅमेरा मागवला.

*

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मळ्यात पोचलो. बरोबर सर. तात्या फेटा बांधून, काठी धरून झेंडूत उभे. मी तिपाई लावली, पातळी पाहिली, काळा कपडा डोक्यावर घेतला. मग अडलं. या कॅमेऱ्याची बॅक फिरते. आडवी लावली तर अख्खा मळा येतो, उभी लावली तर तात्या काठीसकट येतात. आडवी केली. उभी केली. परत आडवी केली. पाऊण तास गेला.

तात्या झेंडूतून वाट काढत आले. "सरक." मुलाला म्हणाले, "बाळ्या, तू हो उभा तिथं." आणि कपड्यात शिरले.

कपड्यातलं डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कललं. मग, "हा उलटा हाय."

"तसंच दिसतं तात्या. फोटो काढल्यावर सरळ होतं."

"आपोआप?"

"आपोआप."

तात्यांनी डोकं बाहेर काढलं. फेटा सरळ केला. "मंग तीन वर्सं तू काय सरळ करत होतास?"

सर बांधावर खालीच बसले. तात्या परत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता दाब."

बॅक जशी होती तशी ठेवून मी दाबलं.

दिवाळीत मोठा फोटो घेऊन गेलो. तात्यांनी तो दोन्ही हातांत धरला, उलटा केला आणि तसाच उलटा कितीतरी वेळ पाहत राहिले. मग सरळ करून सुनेच्या हातात दिला.

"लाव भिंतीला. हा मी हाय."