बिनमोटारीची वाट

माजिवड्याजवळ एका लॉरीने आम्हा दोघांना सायकलींसकट रस्त्याकडेच्या चारीत ढकलले, त्या दिवसापासून आग्रा रोडशी माझे वैर सुरू झाले. लॉरी थांबली नाही. क्लीनरने मागे वळून दात तेवढे दाखवले. माझा मित्र चिखलात चष्मा शोधत होता आणि मी तिथेच उभा राहून भाषण करत होतो. रस्ता जनतेच्या घामातून होतो, मग चारीत जनतेनेच का पडायचे?

"भाषण मागाहून कर," मित्र म्हणाला. "आधी पाय उचल. चष्मा तुझ्या चपलेखाली आहे."

डोंबिवलीत मला हा एकच मित्र होता. मी मामांकडे वाढलो. मामांच्या खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि माझी अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. 'उठा' आणि 'झुगारून द्या' हे शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येऊ लागले. बोलणेही तसेच झाले. शेजारची मुले माझ्याशी दोन वाक्ये बोलत आणि तिसऱ्याच्या आत काहीतरी काम काढून निघून जात. मित्र मात्र शेवटपर्यंत ऐके, मग चष्मा पुसून माझी टोपी उडवी.

मोटारी जिथे येऊच शकत नाहीत अशी वाट शोधायची, असे आम्ही त्या चारीतच ठरवले. पुढचे सगळे रविवार त्यातच गेले. ठाकुर्ली, कल्याण, शहाडचा पूल ओलांडून आंबिवलीच्या रेल्वे फाटकाशी यायचे. तिथपर्यंत धूर आणि धूळ. तिथून काळू नदीच्या काठाने बैलगाड्यांची वाट जाते. पावसाळाभर ती चिखलाखाली असते. भात कापले, जमीन वाळली की गाड्यांच्या चाकांनी तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पडतात. त्यातल्या एकीत सायकलचे चाक घातले की हँडल फारसे धरावे लागत नाही, वाटच आपल्याला नेते. ओहोळ आला की सायकल खांद्यावर घ्यायची. बाभळीचे काटे भरपूर, म्हणून पंप आणि ठिगळे बरोबर ठेवायची. दोन्ही बाजूंना वालाची शेते, मधून नदी, आणि समोर डोंगर हळूहळू जवळ येत असतात. वर, नदी दोन टेकड्यांच्या मधून निघते, ती खिंड तेवढी आम्ही पाहिली नव्हती. ती सगळ्यांना घेऊन पाहायची, असे मी ठरवून टाकले होते. ही वाट दोघांपुरती ठेवणे मला तत्त्वाला धरून वाटत नव्हते.

एवढ्यात मित्राला सरकारी नोकरी लागली, दिल्लीला. पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी तेवढी व्हायची राहिली होती, ती झाली की तो जाणार. म्हणजे ती सहल आमची शेवटचीच ठरणार होती. मी लगेच पत्रक काढले.

"तरुणांनो! मोटारींची सत्ता झुगारून द्या! रविवारी सूर्योदयाला सायकलींसह आंबिवलीच्या फाटकाशी संघटित व्हा!"

मित्राने ते दोनदा वाचले. "अरे, सहल आहे की उठाव?"

"लोकांना हलवावं लागतं."

"दारात जाऊन 'येतोस का रे?' विचारलं तरी हलतात. यात नदी कुठाय? डबा आणा असं कुठाय?"

"तपशिलाने चळवळी होत नाहीत."

"बरं, मी येतोच आहे. बाबांना चुकवून यावं लागेल, थोडा उशीर होईल. थांबशील?"

"कोणी आलं नाही तरी थांबेन," मी म्हणालो.

पत्रके वाचनालयात लावली, घराघरांत टाकली. आमच्या वस्तीत बहुतेक घरांतून कुणी ना कुणी सरकारी किंवा रेल्वेच्या कचेरीत जाणारे. अशा घरात 'संघटित व्हा' म्हटले की काय होते, हे मला रविवारी कळले. पोरांच्या सायकली कुलूप लावून ठेवल्या गेल्या होत्या.

फाटकाशी मी एकटाच उभा होतो. नदीवरून धुके येत होते. मी शहाडच्या बाजूला नजर लावून बसलो. दूधवाले गेले, भाजीवाले गेले. ऊन अंगावर आले. वाट पाहणारा माणूस इतका उघडा दिसतो की मला सायकलची साखळी उगीचच तपासत बसावे लागले.

शेवटी एक सायकल आली. जाड मिश्यांचा, पोट सुटलेला गृहस्थ उतरला. अंगात साधा सदरा, पण पायांत पोलिस खात्याचे तांबडे बूट.

"मोर्चा कुठाय?" त्याने विचारले.

"मोर्चा नाही. सहल आहे."

"मग सत्ता कोण झुगारणार?"

"मी," मी म्हणालो. दुसरे कोणी नव्हतेच.

तो मनापासून हसला. "च्यायला! ह्यासाठी मला पहाटे उठवलं साहेबांनी! कोण कोण जमलं ते बघून रिपोर्ट द्यायचाय. थांबतो थोडा वेळ." त्याने विडी पेटवली आणि सहज विचारले, "तो तुमच्यासंगं असतो तो चष्मेवाला येणार हाय का? त्याची चौकशी आमच्याच चौकीत आलीय, दिल्लीच्या नोकरीची. कागद माझ्याच हाती हाय. आज हितं दिसला, तर मला लिहावं लागंल बघा."

पहाटेपासून ज्या वळणाकडे मी डोळे लावले होते, तिथून आता कुणी येऊ नये असे वाटू लागले. एका ओळीच्या शेऱ्यावर माणसाची भाकरी ठरवणाऱ्या पद्धतीची मला चीड आली, आजही येते. पण त्या क्षणी चिडायला वेळ नव्हता.

"हवालदारसाहेब," मी म्हणालो, "कोणी यायचं नाही. चला ना तुम्हीच. नदीकाठानं फार छान वाट आहे. माझ्याकडे भाकरी आहे, ठेचा आहे."

कुणाला सरळ शब्दांत बोलावण्याची ती माझी पहिलीच वेळ. आणि तो आला.

मी जोरात पायडल मारत होतो. तो मागून ओरडत होता, "अहो, हळू! चोर मी हाय का तुम्ही?" पहिल्या ओहोळाशी त्याने सायकल उचलायला नकार दिला, मग मी दोन्ही उचलल्या. वालाच्या शेतात एक म्हातारी शेंगा तोडत होती. तिने कमरेवर हात ठेवून विचारले, "सडक सोडून इकडं कुठं रं? वाट चुकलाव का?"

"चुकलो नाय, मावशी," हवालदार धापा टाकत म्हणाला. "ह्यानं चुकवलं."

एका उंबराखाली आम्ही भाकरी खाल्ली. तो आपल्या गावच्या नदीबद्दल सांगत होता, साताऱ्याकडची. त्याच्याविषयी राग धरायला मी खूप प्रयत्न केला. जमले नाही. आणि तरी, घास चावताना, समोर दुसरेच कोणी बसलेले असायला हवे होते, हे एक क्षणही विसरता आले नाही.

पुढच्या गावाच्या वेशीशी तो थांबला. "इथून पुढं आमची हद्द नाय. आणि परत त्या काट्यांतून मी येत नाय, सडकेनं जातो." त्याने हात उंचावला आणि गेला.

मी खिंडीपर्यंत एकटा गेलो. तिथे चाकोरी संपते आणि पायवाट उरते. दोन्ही टेकड्या इतक्या जवळ येतात की नदी अंग चोरून चालल्यासारखी दिसते. पाणी काळ्या खडकांवरून आवाज करत उतरत होते. मोटारीचा, माणसाचा, दुसरा कशाचाच आवाज नव्हता. हेच मला हवे होते, जगाला दाखवायचे होते. मी एकदा मोठ्याने मित्राचे नाव घेतले. टेकडीने ते परत दिले, तेव्हा मला तिथे बसवेना.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर आला. पायजम्याच्या टोकाला साखळीचे काळे ग्रीस लागलेले होते.

"मी आलो होतो," तो म्हणाला. "बाबा बाजारात गेल्यावर निघालो. तू नव्हतास. उन्हात बसून राहिलो मी तिथे."

मी सगळे सांगितले. हवालदार, चौकशीचा कागद, भाकरी. आत त्याचे वडील खोकले, म्हणून शेवटचे शेवटचे कुजबुजत सांगितले. त्याने चष्मा काढून पुसला, पण टोपी उडवली नाही.

"म्हणजे मला वाचवलंस."

"हो."

"चांगलं केलंस," तो म्हणाला. मग चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाला, "पुढच्या वेळी नको वाचवूस. विचार मला."

मग त्याने खिंडीबद्दल विचारले. मी सांगत गेलो: खडक कसे आहेत, पाणी कसे वळते. तो ऐकत होता, पण डोळे रस्त्याकडे होते. सांगता सांगता मलाच कळले की सांगून ती त्याला दिसणार नाही.

हवालदाराने चांगला शेरा दिला असावा. चौकशी सुरळीत झाली आणि मित्र दिल्लीला गेला. मी अजून रविवारी आंबिवलीहून नदीकाठाने जातो. डाव्या चाकोरीत माझे चाक असते. उजवी मोकळीच असते.