मध्यंतरातच संपणारा सिनेमा

"अहो, बसा की. संपला नाही अजून."

"संपला नाही कसा? बाई गाडीतून उतरली, तरातरा चालत सुटली, दिवे लागले. आता राहिलं काय?"

"मध्यंतर आहे हो. अजून एवढाच आहे."

"एवढाच?" म्हातारबुवांनी पिशवी काखोटीला मारली. "मग नको. आहे तिथं झकास संपलाय. शहाणी निघाली बाई!"

ते गेले, आणि त्यांच्यामागून आणखी दहा-बारा जण गेले. दारात उभी असलेली बॅटरीबाई बघत राहिली. रस्ता अडवून तरी किती जणांना अडवणार?

बावीस वर्षं ती या थेटरात अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्च्यांवर बसवते. पडद्याकडे तिचं लक्ष नसतं. सिनेमा कसा आहे ते तिला खुर्च्यांवरून कळतं. खुर्चीवर रुमाल टाकून गेलेला माणूस परत येतो, पिशवी घेऊन उठलेला येत नाही. आणि पुढच्या खुर्चीला पाय लावून बसलेला कंटाळलेला असतो, पण तिकीट काढलंय म्हणून चिकटून राहतो. तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

हा सिनेमा मात्र तिच्या लेकीचा होता.

लेक लांबच्या शहरात लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापायची, जोडायची. त्यातून वेळ काढून तिने चार वर्षांत हा एक सिनेमा उभा केला. बापाचा जुना टेम्पो, दोन नट, कपडे ज्याचे त्याचे, आणि सामान बांधायच्या दोरीने बॉनेटवर आवळलेला कॅमेरा. गोष्ट एवढीच, की नवरा-बायको एक कपाट टेम्पोत घालून निघतात आणि वाटभर भांडतात. अर्ध्या वाटेत बायको उतरते आणि उलटी चालायला लागते. नवरा टेम्पो वळवून पहिल्या गिअरमध्ये तिच्यामागे घुर्र घुर्र करत येतो. शेवटी ती परत बसते. मग दोघंही तोंड शिवून बसलेले आणि समोर नुसता रस्ता.

भांडण बॅटरीबाईचंच होतं. लेक तेव्हा सात वर्षांची, मागे पोत्यांवर बसलेली. सगळं बघितलं होतं कार्टीने. नवऱ्याने पहिल्या दिवशी सिनेमा पाहिला आणि घरी येऊन एवढंच म्हणाला, "टेम्पोचा आवाज खोटा आहे. आपला असा वाजायचा नाही."

मालकाने बॅटरीबाईच्या शब्दाखातर दुपारी बाराचा खेळ दिला होता. पण त्याने बजावलं होतं, "सोमवारपर्यंत बघतो. लोक अर्ध्यातून उठायला लागले तर मंगळवारी उतरवणार. तोंडावर सांगतोय, मागून रुसू नकोस."

आणि लोक तर रोज अर्ध्यातून उठत होते. तेही खुशीत! घोळ असा, की लेकीने सिनेमात मध्यंतर ठेवलंच नव्हतं. पण इथे कँटीन मालकाच्या मेहुण्याचं. मध्यंतर नाही म्हणजे चहा कोण पिणार? म्हणून ऑपरेटर घड्याळ बघून सिनेमा बरोबर मधोमध थांबवायचा, आणि नेमकी तिथेच बाई टेम्पोतून उतरून वळणाआड जात असायची. दिवे लागले की लोकांना वाटायचं, झालं.

संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. "आई, लोक काय म्हणाले?"

"चांगलं म्हणाले," बॅटरीबाई सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. पण फोन ठेवला की जीव आंबून जायचा.

सोमवारी ती जिना चढून ऑपरेटरकडे गेली. "आज मध्यंतर करू नकोस."

"मेहुणा माझी सालटी काढेल, बाई."

"विसरलो म्हण. परवा आख्खी रात्र पंखा बंद करायला विसरलास, तेव्हा काय झालं?"

ऑपरेटर विसरला. सिनेमा सलग चालला. एकही माणूस उठला नाही. बाई उतरली, चालली, परत बसली. मग रस्ता. बॅटरीबाईने खुर्च्यांकडे बघितलं. एकेक पाय पुढच्या खुर्चीला लागत होता.

दिवे लागले. मालक पायरीवर येऊन उभा होता, बाजूला गार चहाचं पातेलं घेऊन मेहुणा.

"परत बसायचंच होतं तर उतरली कशाला?" एक बाई नवऱ्याला विचारत होती.

"कपाट कोण उतरवणार होतं मग?"

"चेष्टा नको. मला राग आलाय तिचा."

कॉलेजची एक मुलगी म्हणाली, "उतरली तिथंच थांबवायला हवं होतं. पुढं सगळी माती केली."

बॅटरीबाई दाराचा पडदा धरून ऐकत होती. तिच्याबद्दलच बोलत होते सगळे, आणि तिलाच 'जरा सरका' म्हणून पुढे जात होते.

मालक म्हणाला, "ऐकलंस? आपण पहिला अर्धाच दाखवू. उतरली, चालली, खलास. लोक खूश, मेहुणा खूश, आठवडाभर चालेल. पोरीला विचार."

तिने तिथूनच फोन लावला आणि या वेळी काही झाकलं नाही. कोण उठून गेलं, का गेलं, कोणाला राग आला, सगळं सांगितलं.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू का परत बसलीस, ते मला कधी कळलंच नाही. म्हणून तर तो रस्ता एवढा लांबवला."

"चप्पल नवी होती, चावत होती. आणि तो टेम्पो मागून घुरघुरून डोकं खात होता."

"एवढंच?"

"एवढंच. मला विचारलं असतंस तर तुझा निम्मा रस्ता वाचला असता."

लेक हसली का रडली, फोनवर कळलं नाही. "मग काय करू दे मालकांना? तू म्हणशील तसं."

बॅटरीबाईने फोन कानापासून बाजूला धरला. "उतरवा सिनेमा, मालक. अर्धा नको."

"अगं, नाव होतंय पोरीचं."

"होऊ दे नाहीतर राहू दे. परत बसली ते कापून टाकलं, तर मी एवढी वर्षं होते कुठं?"

मालकाने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने पातेल्याकडे. पोस्टर काढायला माणूस पाठवतो म्हणून मालक आत गेला.

"रात्री बोलू. जेवून घे," बॅटरीबाई लेकीला म्हणाली आणि फोन कमरेला खोचला. तीनच्या खेळाची गर्दी दाराशी आली होती, हाणामारीचा सिनेमा होता. तिने पडदा सारला, बॅटरी तळहातावर दोनदा आपटून पेटवली.

"तिकिटं हातात ठेवा. तुमची मधली रांग. आत सरका, आत सरका, पाय घ्या हो दादा."