तोडफोडबाईंची परीक्षा

मेकॅनिकल शिकवणाऱ्या या प्राध्यापिकेला अख्खं कॉलेज तोडफोडबाई म्हणतं. हे नाव माहेरूनच आलं असणार, अशी त्यांच्या नवऱ्याची पक्की समजूत आहे. शेजारी त्यांना शिडी उसनी देत नाहीत. पण कपाट घ्यायचं असलं की आधी त्यांनाच दुकानात ओढून नेतात.

शेवटच्या वर्षाच्या पोरांपुढे बाईंचा एकच हट्ट: जे बनवाल ते माझ्यासमोर मोडून दाखवा, आणि कुठे मोडेल ते आधी सांगा. "यंत्र आज ना उद्या मोडणारच, बाळांनो. ते कुणाच्या बोटांवर मोडू नये, एवढंच आपल्या हातात."

यंदा कॉलेज तपासायला समिती यायची होती. विभागप्रमुखांनी बाईंना व्हरांड्यातच गाठलं.

"बाई, पाहुण्यांसमोर मोडतोड? यंदा झाकून ठेवा हो."

"झाकायला ती काय आमटी आहे, सर?"

"मग फसली तर पुढच्या वर्षीपासून ही परीक्षा बंद. कबूल?"

"कबूल," म्हणाल्या खऱ्या. घरी मात्र भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा बिचारा पाणी पीत जेवला.

समिती आली. जिला वर्गात मिरची म्हणतात त्या मुलीने गाडी उचलायचा जॅक जाळीआड बसवला. "भार जास्त झाला की आधी ही पिन तुटेल, आणि गाडी अलगद या ठोकळ्यांवर बसेल."

भार चढवला. आणखी चढवला. पिन ढिम्म! समितीने टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात विभागप्रमुखांनी.

बाईंचा चेहरा पडला. परीक्षेत सुचवायचं नाही हा नियम त्यांचाच, म्हणून ओठ घट्ट मिटून बसल्या. मिरची गप्प राहिली असती तर समितीची वाहवा आयती पदरात पडत होती. पण तिने यंत्र थांबवलं, भार उतरवला आणि वाकून पाहिलं.

"टाळ्या नका वाजवू, सर. हा दांडा वाकलाय. आणखी थोडा भार आला असता तर हाच तुटून गाडी धाडकन खाली आली असती. आणि ही पिन आमची नाही. आमची मऊ होती."

विभागप्रमुख छताचा पंखा निरखू लागले. मग पडेल आवाजात म्हणाले, "मीच बदलायला लावली. म्हटलं, मजबूत असलेली बरी. नाचक्की नको."

"तुमची पिन लावा बघू," समितीचे अध्यक्ष मिरचीला म्हणाले.

दांडा बदलला, मऊ पिन बसली. भार चढू लागला. तडाक! पिन तुटली आणि जॅकवरचं सगळं ओझं ठोकळ्यांवर असं टेकलं, जसं झोपलेलं मूल कुणी गादीवर ठेवावं.

अध्यक्षांनी खुर्ची जाळीजवळ ओढली. "वा! आता काय मोडायचंय?"

"सरांना विचारा," बाई साळसूदपणे म्हणाल्या. "ते बंद करायचं म्हणत होते."

"छे, छे! मी कधी?" विभागप्रमुख दाराकडे वळून ओरडले, "आणा रे पुढचं!"