आईला घातलेली शपथ

माझ्या आईचे हात अख्ख्या चाळीचे होते आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. आजही येतो. लोक म्हणतात, भाग्यवान गं तू, अशी आई मिळाली. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांना तिने चोळून न्हाऊ घातलं, मला मिळाला तिच्या पदराला लागलेल्या तेलाचा वास.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कुणी बाळंत झालं की आईला हाक यायची. ती सुईण नव्हती. सुईण कोपऱ्यावरच्या चाळीत राहायची, नाळ कापून, साडीचोळी घेऊन मोकळी व्हायची. पुढचं सगळं आईकडे. बाळंतिणीचं अंग रगडायचं, पोट बांधायचं, शेगडीत ओवा टाकून धुरी द्यायची, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. घ्यायची काय, तर काही नाही. कुणी फारच आग्रहाने ओटीत नारळ घातला, तर तोही फोडून पोरांना वाटून टाकायची. त्या पोरांत मीही एक. तेवढाच तुकडा मला.

सकाळी शाळेच्या वेळेला ती कुणाच्या ना कुणाच्या मोरीत असायची. माझी वेणी बाबा घालायचे. गिरणीत साचे चालवणारा माणूस, तो काय वेणी घालणार? सुंभ वळल्यासारखी घट्ट वळायचा, की दिवसभर भुवया वर ओढलेल्या. वर्गातल्या पोरी विचारायच्या, तुला आई नाही का गं? आहे म्हणायचे, पण गावाला वाटून टाकली आहे असं मनात म्हणायचे.

एकदा मला गोवर आला होता. अंगाची लाही होत होती आणि आई खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी पोराची छाती शेकत बसली होती. ती आल्यावर मी विचारलं, "तुझं पोर कोण, मी का ते?"

आईने माझ्या कपाळावर हात ठेवला. तोही शेगडीवर तापलेला. म्हणाली, "तुका काय कमी केलंय गो?"

कमी काहीच नव्हतं. सगळ्यांना मिळायचं तेवढं मलाही मिळायचं. तेच तर माझं दुखणं होतं.

मग माझं लग्न झालं आणि मी वडाळ्याला गेले. नवरा रेल्वेच्या यार्डात. माणूस बरा, सासू जरा तिखट, पण त्याचं इथे काही नाही. मला दिवस राहिले तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पोराचा झाला, तो सगळ्यांनाच होतो. माझा आनंद वेगळाच होता. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. म्हणजे सव्वा महिना आई माझी, नुसती माझी. त्यात आमच्या चाळीतल्या बायकांचा एक नेम होता. जी बाई एका ओल्या बाळंतिणीला न्हाऊ घालते, तिने त्या बाळाचं बारसं होईपर्यंत दुसरीच्या बाळंतपणाला हात लावायचा नाही. लावला, तर पहिलीचं बाळ सुकतं. त्यातूनही जावंच लागलं, तर मग पहिलीला आणि तिच्या बाळाला बारशापर्यंत शिवायचं नाही. हा नेम कुणी केला देव जाणे, पण मी त्याच्या पाया पडायला तयार होते.

आठव्यात वेस ओलांडू नये म्हणतात, म्हणून नववा लागताच मी माहेरी आले. बघते तर माझ्या जागेवर, भिंतीला पाठ टेकून, दुसरीच एक पोटुशी बसलेली. पाय पसरून. हातात डिंकाचा लाडू.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. पहाटे प्रभातफेऱ्या, संध्याकाळी सभा, जिन्यावर पोरं 'झालाच पाहिजे' ओरडत खाली-वर पळायची. चाळीतून सत्याग्रहींची तुकडी निघाली की त्यांना ओवाळायला कोण? आमची आई. अशाच एका तुकडीत वरच्या मजल्यावरचा एक जण होता. नवीनच लग्न झालेलं. त्याला तुरुंगात टाकलं आणि त्याची बायको पोटुशी, एकटी मागे राहिली. तिची आई मालवणकडे, अंथरुणाला खिळलेली. मग काय, आमच्या आईने तिला जेवायला-खायला खाली आणून बसवलं. महाराष्ट्र व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझा वाद नाही. घोषणा मीही दिल्या आहेत. पण त्यासाठी माझ्या वाटचे लाडू गेले, एवढं मात्र खरं.

वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. पण ती बया गोड. मला बघून धडपडत उठली, म्हणाली, "ताई, बसा, मी तुमचीच वाट बघत होते." माझीच वाट बघत होती म्हणे, माझ्याच घरात! आईने आम्हां दोघींना एकसारखी पेज वाढली. मी वाट्यांकडे नीट बघितलं. तूपसुद्धा दोघींना सारखंच.

देवाने माझं ऐकलं आणि मी आधी बाळंत झाले. मुलगी झाली. सुईण होती, पण माझे हात आईच्या हातात होते आणि मी तिला ओरबाडून काढलं. दुसऱ्या दिवसापासून आईने मला चोळायला घेतलं. ते काय सांगू? टाचेपासून मानेपर्यंत एकेक शीर मोकळी करायची. कढत पाणी पाठीवर ओतायची आणि मी डोळे मिटून घ्यायचे. चाळीतली प्रत्येक बाई हे सुख भोगून बसली होती आणि मी, पोटची पोर, तिला तेव्हा कुठे भेटत होते. वरच्या पोटुशीला आता जेवण पाठवायचं ते बाबांच्या हातून. आई जिना चढत नव्हती. वरची कधी जिन्यातून हाक मारायची, "काकी, बऱ्या आहात ना?" आई दारातूनच उत्तर द्यायची. ते ऐकून मी गोधडीत हसायचे. हसले तर हसले.

बारशाला अजून अवकाश होता. त्या दिवशी सकाळपासून नाक्यावर दगडफेक चालली होती. हरताळ होता, गिरण्या बंद, बाबा घरीच. दुपारच्याला पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आम्ही दारंखिडक्या लावून ओली फडकी तोंडाला धरून बसलो. आणि नेमकी तेव्हाच वरची अडली. बायका धावत खाली आल्या. बाबा सुईणीला आणायला गेले ते नाक्यावरूनच परत आले, डोळे लाल, नाकातून पाणी. रस्ता बंद. चिटपाखरू सोडत नव्हते पोलीस. दवाखान्यात नेणं तर दूरच.

आई उठली. तिने पदर खोचला आणि मला कळलं.

"आये, जाऊ नकोस."

"सुईण येवची नाय, बाय."

"दुसरी कोणी जाईल."

"कोणाक येता?" ती म्हणाली. ते खरं होतं. सुईणीशेजारी बसून बसून सगळं शिकलेली चाळीत तीच एक होती.

 लहानपणापासूनचं साठलेलं तोंडात आलं. मी म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. उंबरा ओलांडलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

 आजकालच्या मुलांना हसू येईल, पण आमच्यात अशी शपथ म्हणजे दाराला कुलूप. ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हणेपर्यंत ती सुटत नाही. आणि ती घातली होती ओल्या बाळंतिणीने, मांडीवर पोर घेऊन. आईचा चेहरा उतरला. ती होती तिथेच, उंबऱ्याच्या आत, खाली बसली.

बायका माझ्यावर तुटून पडल्या. अगो, सुटली म्हण. काळीज आहे की दगड? बाबा म्हणाले, "हट्ट नको करूस, पोरी." मी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं होतं, आई आता रागवेल, रडेल, माझ्या पाया पडेल. ती त्या बायकांना म्हणाली, "तिका काय बोलू नकात. ओली बाळंतीण हा ती." आणि लंगोटांच्या घड्या घालत बसली. एक घातलेली घडी मोडायची, पुन्हा तीच घालायची.

म्हणजे मी जिंकले होते. जन्मात पहिल्यांदा आई कुणाच्या हाकेला गेली नव्हती. माझ्यासाठी बसली होती. मला हवं होतं ते माझ्यासमोर होतं आणि त्या खोलीत मला श्वास घेता येईना. अश्रुधुराने म्हणा.

वरून ती ओरडत होती, "आये गो, आये गो." बाई अडली की आईलाच हाक मारते, मीही मारली होती. माझी आई हाकेसरशी जवळ होती. तिची कुठल्या कुठे, समुद्रकाठच्या गावात. पण तेव्हा मला तसं वाटलंच नाही. मला वाटलं, ही माझ्याच आईला हाक मारते आहे. किती हक्काने मारते आहे! माझा नुसता जळफळाट झाला. मग तो आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

आईच्या हातातला लंगोट तसाच राहिला. तिने वर बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"सुटली," मी म्हटलं. "जा."

आई म्हणाली, "मनापासून म्हण, बाय. रागान म्हटलेली सुटत नाय."

"मनापासून नाही म्हणणार. नुसती सुटली, तेवढी घे आणि जा."

ती गेली. या वयाची बाई जिना इतक्या वेगात चढू शकते हे मला माहीत नव्हतं.

दिवेलागणीला दारात आली. आत नाही आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "झील झालो. दोघांय बरी आसत." मुलगा झाल्याचं एवढं सांगून ती माझ्या पोरीकडे बघत राहिली. मी पोरीला उचलून जरा वर धरलं. नेमाप्रमाणे तिला आता आम्हां दोघींना शिवता येणार नव्हतं.

पुढचे दिवस चाळीतल्या बायका येऊन मला न्हाऊ घालून गेल्या. आज ही, उद्या ती. सगळ्यांनी मनापासून केलं, आईने त्यांचं केलं होतं ना. आई दाराबाहेर पाट टाकून बसायची आणि तिथून हुकूम सोडायची: टाळूवर तेल थाप, पाठीला नीट रगड, पाणी अजून कढत घे. मग उठायची आणि वर जायची, त्या दोघांना न्हाऊ घालायला. तिची पावलं जिन्यावर वाजली की मी दातओठ खायचे. माझ्या हक्काचं तेल वरच्या मजल्यावर मुरत होतं.

बारशाला माझी सासू आली. सगळं ऐकून म्हणाली, "तुझ्या आईसारखी बाई लाखात एक." सासूशी एकदा तरी एकमत व्हायला हवं होतं, तेही जमलं नाही.

वरच्या बाईचा नवरा सुटून आला तेव्हा चाळीने त्याला हार घातले. मी लेकीला घेऊन अजून माहेरीच होते. त्याने पोराला बघितलं, गळ्यातला एक हार काढला आणि आईच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई लाजली, हार काढून तिने खिडकीला अडकवला. शपथ मी सोडली होती, पण हार मला कोणी घातला नाही.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. आईचे हात तसेच चालत राहिले, माझ्या धाकट्याच्या वेळेसही ती न्हाऊ घालून लगेच दुसऱ्या घरी पळाली. मी भांडले, ती म्हणाली, "तुका काय कमी केलंय?" ती गेली तेव्हा तिच्या दिवसांना एवढी माणसं आली की मला रडायला कोपरा मिळेना. ज्याला त्याला मला सांगायचं होतं, माझी आई कशी त्याची आई होती.

तेराव्याला मी मोरीत भांडी घासत होते. रागाने घासत होते, कारण बाहेर कुणीतरी पुन्हा तेच सांगत होतं. वरची येऊन शेजारी बसली आणि विसळायला लागली. तीही आता पिकली होती. जरा वेळाने म्हणाली, "ताई, एक सांगू? राग मानू नका. मी तुमचा फार हेवा केला."

मी हात थांबवला. "माझा?"

"तुमचा. मी मरत होते त्या दिवशी. काकी म्हणाल्या, जोर कर. मी जीव खाऊन जोर करतेय आणि ह्या मध्येच थांबल्या. खाली तुमची पोर रडली होती. कान देऊन बसल्या. म्हणाल्या, हे भुकेचं नाही, पोट दुखतंय हिचं, ओवा चावून फुंकर घालायला हवी, माझ्या बायला सुचेल की नाही? माझा जीव जात होता, ताई, आणि यांचा जीव खाली. मला असा राग आला तुमचा."

मी एक पातेलं तिच्याकडे सरकवलं.

"नंतर न्हाऊ घालायला यायच्या तेव्हाही तेच. अंगावर तेल घातलंय आणि पोर रडली की हात जिथल्या तिथे. ती गप्प होईपर्यंत मी आपली कुडकुडत. वाटायचं, मी नुसती हाताखाली आहे, लेक ती लेकच."

"रोज असं?"

"पोर रडली की."

मी पुन्हा भांडी घासायला घेतली. माझी लेक भारी रडकी होती. अख्ख्या चाळीत तेवढं रडकं पोर झालं नसेल, आणि मी तिला गप्प करायला जिवाचा आटापिटा करत होते.